जुनी लेन्स, नवा व्ह्यूफाइंडर: हाताने फोकस कसा करावा

घरात फिल्मच्या जमान्यातली निकॉनची 50 मिमी लेन्स धूळ खात असेल आणि हातात सोनीचा मिररलेस (आत आरसा नसलेला डिजिटल) कॅमेरा असेल, तर ठाण्यात तलावपाळीसारखी सरावाची जागा नाही. जुन्या निकॉनमध्ये माउंटपासून (लेन्स अडकते त्या कडीपासून) फिल्मपर्यंत 46.5 मिमी अंतर, सोनी ई-माउंटमध्ये 18. मधले 28.5 मिमी अ‍ॅडॅप्टर, म्हणजे दोघांमधली जोडकडी, भरून काढतो. आत काच नसते. ही लेन्स कॅमेऱ्याला ओळखता येत नाही, त्यामुळे लेन्स नसतानाही शटर चालू देण्याचं सेटिंग मेनूत शोधून सुरू करा.

आधी डोळ्याचा नंबर जुळवा. व्ह्यूफाइंडरशेजारची (डोळा लावायच्या खिडकीशेजारची) छोटी चकती फिरवताना समोरचं दृश्य बघू नका, आतल्या पडद्यावरचे आकडे स्पष्ट दिसेपर्यंत बघा. ही पायरी बहुतेक जण गाळतात आणि मग लेन्सला दोष देतात.

फिल्मच्या एसएलआरमध्ये (लेन्समधलं दृश्य आरशातून दाखवणाऱ्या कॅमेऱ्यात) मधल्या वर्तुळात चित्र दुभंगलेलं दिसायचं. दिव्याच्या खांबाचे दोन तुकडे जुळले की फोकस झाला. मात्र एफ/5.6 च्या (एफचा आकडा मोठा तितकं लेन्सचं छिद्र लहान) लेन्सवर वर्तुळाचा अर्धा भाग काळा पडायचा. पुढच्या ऑटोफोकस एसएलआरमधून ते वर्तुळच गेलं. त्यांचा पडदा उजळ खरा, पण एफ/1.4 ची लेन्सही त्यात साधारण एफ/2.8 सारखी दिसते, फोकसमधला भाग असतो त्यापेक्षा जास्त वाटतो. म्हणजे डोळ्याला जे नीट वाटलं ते फोटोत चुकलेलं. इलेक्ट्रॉनिक व्ह्यूफाइंडर सेन्सरला दिसतं तेच दाखवतो.

आता अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) पूर्ण उघडा, पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) लाल रंगात आणि कमी पातळीवर ठेवा. फोकसची रिंग फिरवा, लाली भेळवाल्याच्या चेहऱ्यावर येऊ द्या (त्याला विचारून, अर्थात). इथे थांबू नका! पीकिंग फक्त कडांचा कॉन्ट्रास्ट रंगवतं आणि जरा उदार असतं. माझ्या सुरुवातीच्या फोटोंत नाकं धारदार आणि डोळे मऊ, ते याच भरवशावर. पीकिंग बंद करून दृश्य मोठं करा, पापणीवर या, रिंग किंचित पुढे नेऊन परत आणा आणि लगेच शटर दाबा. श्वासाबरोबर पुढे-मागे झुकलात तरी एफ/1.8 ला फोकस हुकतो.

एफ/8 वर काढायचं असेल तरी फोकस उघड्या अ‍ॅपर्चरवर करा, मग खटके मोजत अ‍ॅपर्चरची रिंग बंद करा. एफ/2.8 च्या आसपास मात्र त्याच आकड्यावर फोकस केलेला बरा, काही लेन्सचा फोकस अ‍ॅपर्चर बदलताना थोडा सरकतो.

दिवेलागणीनंतर व्ह्यूफाइंडरमध्ये दाणे नाचू लागतात आणि पीकिंग त्यांनाही कडा समजतं. तेव्हा जवळच्या गडकरी रंगायतन नाट्यगृहाच्या पाटीचं एखादं अक्षर मोठं करून त्यावर जुळवा.

धावत्या पोरांसाठी हे सगळं सोडा. फुल-फ्रेमवर (फिल्मच्या चौकटीएवढ्या सेन्सरवर) एफ/8 आणि लेन्सवरच्या आकड्यांत 3 मीटर लावलं, की सुमारे 2.3 ते 4.2 मीटरपर्यंतचं स्पष्ट येतं. तलावातली होडी हवी असेल तर ती जिथून जाणार तिथल्या अंतरावर आधीच फोकस लावा आणि होडी तिथे येईपर्यंत रिंगला हात लावू नका.