चार्जर लावला की गिटार गुणगुणते: माझा अनुभव

सदाशिव पेठेतली जुनी इमारत. गिटार, ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडणारी पेटी), लॅपटॉपवर अँप सिम्युलेटर (अँप्लिफायरसारखा आवाज काढणारं सॉफ्टवेअर). डिस्टॉर्शन (आवाज खरखरीत, जाड करणारा इफेक्ट) चढवलं की सतत ‘घूंऽऽ’. चार्जर काढला की गायब. चार्जर जोडलेला असताना तारांना हात लावला की बारीक झिणझिण्याही यायच्या.

केबल बदलली, यूएसबी पोर्ट बदलला. गुणगुण कमी करणारा हंबकर पिकअप असूनही फरक शून्य. नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा इफेक्ट) कडक केला तर पाम म्यूटच्या, म्हणजे तळहाताने दाबून वाजवलेल्या सुरांच्या, शेपट्याच छाटल्या जायच्या. डोकं पार आउट झालं होतं.

दोष सॉकेटच्या अर्थिंगमध्ये निघाला. अर्थ तुटलेली असली की चार्जरच्या फिल्टरमधून झिरपणारा प्रवाह लॅपटॉपवरून इंटरफेसमार्गे थेट तारांपर्यंत येतो.

उपाय याच क्रमाने करा. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ साधा मल्टीमीटर मिळतो, पण मोजणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. मीटर एसी व्होल्टवर. फेज-न्यूट्रल साधारण २३० हवं. फेज-अर्थही जवळपास तितकंच. आमच्याकडे तो आकडा नुसता हेलकावत होता. मग मेन बंद करून सॉकेटपासून मीटरबोर्डापर्यंत अर्थची वायर तपासायची. आमची बोर्डातच निसटलेली होती. ती घट्ट केल्यावर पुन्हा मोजणी. चार्जरची कॉर्डही तीन पिनांचीच हवी, टू-पिन अडॅप्टर मध्ये नको. लॅपटॉप आणि स्पीकर एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर. गेट सगळ्यात शेवटी, तोही अगदी हलका.

झिणझिण्या थांबल्या. ड्रॉप सीमधली (तारा खाली उतरवलेल्या ट्यूनिंगमधली) रिफ आता स्वच्छ थांबते. अर्थची पिन कापायचा सल्ला कोणी दिला तर त्याच्याकडून गिटारही ट्यून करून घेऊ नका.