किनाऱ्यावर फिरायला जाताय? आधी भरती-ओहोटीची वेळ पाहा

समुद्रकिनारी सहल आखताना आपण हवामान पाहतो, मुक्काम ठरवतो, पण भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं राहून जातं. माझ्या मते सगळ्यात आधी तेच बघावं, कारण तिथला दिवस घड्याळावर नाही, पाण्यावर चालतो.

साधारणपणे एका भरतीनंतर सुमारे 12 तास 25 मिनिटांनी पुढची भरती येते. म्हणजे वेळ रोज जवळपास 50 मिनिटांनी पुढे सरकते; कालची वेळ आज धरून चालू नका. काही किनाऱ्यांवर मात्र दिवसातून एकदाच भरती येते, म्हणून त्या जागेचंच वेळापत्रक हवं.

खडकांतल्या डबक्यांमधले खेकडे, तारामासे, समुद्रफुलं पाहायची असतील तर पूर्ण ओहोटीच्या तास-दीड तास आधी पोहोचा आणि पाणी वळलं की परत फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं. तेव्हा ओहोटीला पाणी सर्वात दूर जातं, एरवी न दिसणारे खडक उघडे पडतात. पण भरतीही तितकीच वर चढते. भरतीच्या मधल्या दोन तासांत पाणी सर्वात वेगाने वाढतं. कड्याखालच्या वाटेवर किंवा वाळूच्या पट्ट्यावरून बेटाकडे चालत गेलेले लोक अडकतात ते याच वेळी. दगड उलटून पाहिलात तर हळूच होता तसा ठेवा, त्याखाली कुणाचं तरी घर असतं.

मच्छीमार बंदरात जायचं असेल तर होड्या कधी परततात ते तिथल्याच माणसांना विचारा. पोहण्याबद्दलही त्यांचाच शब्द प्रमाण माना.