मागीलदारी कोंबड्यांचं खुराडं: 2,700 रुपयांत कसं बांधलं आणि तुम्ही कसं बांधाल

पहिलं म्हणजे कागदावर माप काढत बसू नका, घराभोवती एक चक्कर मारा आणि काय पडलंय ते बघा. आमच्याकडे जुन्या घराचं दोन फळ्यांचं दार गोठ्यात उभं होतं, एकेक फळी 6 फूट बाय 2 फूट, दोन्ही शेजारी शेजारी आडव्या टाकल्या की 6 बाय 4 ची जमीन तयार, झालं, तेच खुराड्याचं माप. दिवसभर मोकळ्या फिरणाऱ्या आणि फक्त रात्री आत येणाऱ्या गावठी कोंबडीला साधारण 2 चौरस फूट जागा पुरते, म्हणजे 24 चौरस फुटांत 10 कोंबड्या आणि 1 कोंबडा आरामात. दिवसभर कोंडूनच ठेवणार असाल तर निम्म्याच ठेवा, नाहीतर एकमेकींची पिसं उपटतात.

आता जे सांगतो ते आधीच्या खुराड्याने शिकवलेलं आहे. तेव्हा मी स्वस्तात मिळते म्हणून ती षटकोनी छिद्रांची पातळ तारेची कोंबडीजाळी आणली आणि साध्या खिळ्यांनी ठोकली, वाकवून. चार महिने काही झालं नाही. मग एका रात्री खालचा कोपरा उचकटून काहीतरी आत शिरलं, रानमांजर की उदमांजर ते कळलं नाही, सकाळी 6 तलंगा मरून पडलेल्या, खाल्ली एकच, बाकीच्यांच्या नुसत्या माना फोडलेल्या. पुढच्या महिन्यात अंडी देणार होत्या सगळ्या. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही, एवढं डोक्यात पक्कं ठेवा. त्यामुळे लाकूड, पत्रा, फळ्या सगळं जुनं चालेल पण जाळी आणि कडी नवीन आणि चांगलीच घ्यायची.

जाळी म्हणजे वेल्डमेश, तारा एकमेकींना वेल्ड केलेली ताठ जाळी, अर्धा इंच चौकोनाची, गॅल्वनाईज्ड. 1 इंचाची थोडी स्वस्त पडते आणि मांजर, मुंगूस अडवते पण बारका साप त्यातून आत येतो, अंडी आणि पिल्लं दोन्ही जातात. 3 फूट रुंदीची 16 फूट मला लागली, 900 रुपये, एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा. ठोकताना यू खिळे वापरा आणि त्यावरून लाकडाची पट्टी मारा म्हणजे जाळीची कड पट्टीखाली दबते, नुसत्या खिळ्यावर जनावर जोर लावतं आणि खिळा सुटतो.

बांधायला सुरुवात खांबांपासून. गोठ्याचे जुने वासे घेतले, कीड लागलेलं टोक कापून टाकलं, 4 कोपऱ्यांना 4 आणि मध्ये 2, जमिनीत दीड फूट गाडले. गाडायच्या भागाला डांबर फासा, नसेल तर गॅरेजमधलं जळकं ऑइल, नाहीतर वाळवी दोन पावसाळ्यांत खांब खाऊन टाकते. जमिनीपासून 2 फुटांवर आडवे वासे बांधून त्यावर त्या दाराच्या फळ्या. इतकं उंच कशाला असं आमच्या काकांनी विचारलं होतं, पण कोकणातला पाऊस 3,000 मिलिमीटरच्या वर, खालून ओल आली की फळीवर अंथरलेलं भाताचं तूस भिजतं, तूस भिजलं की पिल्लांना रक्ती हगवण ठरलेली. शिवाय खाली सावली मिळते, एप्रिल-मे मध्ये दुपारी सगळ्या तिथेच माती उकरून लोळत असतात.

दिशेचं सांगायचं तर माहितीपत्रकात लांबी पूर्व-पश्चिम ठेवा असं असतं, ते मोठ्या शेडसाठी बरोबर आहे, लांब बाजूने ऊन आत येत नाही. पण 6 फुटांच्या खुराड्याला आमच्याकडे ऊन नाही, पाऊस मारतो आणि तो येतो पश्चिमेकडून. म्हणून मी पाठ पश्चिमेला केली आणि तोंड पूर्वेला, सकाळचं कोवळं ऊन थेट आत. पाठीमागची भिंत बंद, कामट्यांचा कूड आणि त्यावर बाहेरून जुना फ्लेक्स ताणून बांधलाय, कुणाच्यातरी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, तीन पावसाळे झाले साहेब अजून हसतायत. बाकी तिन्ही बाजूंना जाळी. पावसाळ्यात उत्तर-दक्षिण बाजूंना गोणपाट सोडायचं, पण वरची वीतभर जागा उघडीच ठेवायची. थंडी लागेल म्हणून लोक सगळं गच्च बंद करतात आणि मग विष्ठेच्या वाफेने कोंबड्यांचे डोळे आणि छाती खराब होते. सकाळी दार उघडल्यावर तुमच्या नाकात झोंबलं तर समजायचं हवा कमी पडतेय.

वरचा पत्रा समोर 3 फूट आणि मागे 2 फूट, म्हणजे आतली उंची म्हणतोय, असा फूटभर उतार पाहिजे. 8 फुटांचे 3 पत्रे भंगारवाल्याकडून 250 ला एक, पुढेमागे दोन-दोन फूट बाहेर काढले. भोकं डांबराने बुजवली. नुसता पत्रा उन्हाळ्यात तवा होतो, त्यावर नारळाच्या झावळ्या टाका आणि काथ्याने आवळा, वाऱ्याने उडत नाहीत आणि पावसाचा आवाजही कमी.

दाराच्या बाबतीत मी दुसरी चूक केली होती. कोंबडी जाईल एवढंच दार ठेवलं आणि मग साफसफाईला मी अर्धा आत, अर्धा बाहेर, डोक्यावर पत्रा. आता समोरची निम्मी बाजू म्हणजे 3 फूट पूर्ण उघडते, बिजागरीवर, आणि त्यातच खाली कोंबड्यांसाठी फूटभराची सरकती फळी. तुमचा हात प्रत्येक कोपऱ्यात पोचला पाहिजे, आजारी कोंबडी नेहमी मागच्या कोपऱ्यातच जाऊन बसते! कडीला नुसता कोयंडा नको, त्यात खिळा किंवा पिन अडकवा, कुत्रं नाकाने कडी उचलतं हे मी डोळ्यांनी बघितलंय.

आत बसायला दोन बांबू लांबीने, फूट-सव्वा फूट उंचीवर, दोघांमध्ये फूटभर अंतर. एका कोंबडीला 8 इंच धरा. दोन्ही बांबू एकाच उंचीला ठेवा, एक वर एक खाली ठेवलात की वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणं. खालच्या फळीवर दोन-तीन इंच भाताचं तूस, भात गिरणीवर पोतं भरून मिळतं. दर आठवड्याला उलटंपालटं करायचं, चिकट झालं की काढून खड्ड्यात, चार-पाच महिन्यांनी कुजलं की माडाच्या बुंध्यात. ताजं टाकू नका, मुळं करपतात.

अंडी घालायला आंब्याच्या लाकडी पेट्या, हापूस संपला की गावात ढीग पडलेले असतात, आडव्या ठेवून आत पेंढा. 4-5 कोंबड्यांना एक पेटी पुरते, तरी सगळ्या एकाच पेटीसाठी रांग लावतात ते सोडा. पेटी बांबूच्या खालच्या पातळीवर आणि अंधाऱ्या कोपऱ्यात हवी, उंच असेल तर रात्री त्यातच झोपतात आणि अंडी घाणीत. एखादी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसून राहायला लागली, आणि पिल्लं काढायची असतील तर तिला वेगळ्या डालग्याखाली बसवा, 21 दिवस बाकीच्या तिला नीट बसू देत नाहीत.

सगळं ठोकून झालं की आतून चुना मारा, फटींसकट, पिसवा फटीतच राहतात. खांबाजवळ एका जुन्या घमेल्यात चुलीची राख आणि माती ठेवली की त्या स्वतःच लोळून अंगातल्या उवा काढतात.

हिशोब असा, जाळी 900, पत्रे 750, बांबू 4 नग 320, खिळे-तार-बिजागऱ्या-कडी 380, चुना-डांबर आणि रिक्षाचं भाडं 350. मजुरी शून्य, मी आणि भावाचा मुलगा, दोन रविवार. वासे-फळ्या विकत घ्याव्या लागल्या तर आकडा चांगलाच वाढेल हे खरं.

कोंबड्या आणायच्या आधी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एक फेरी मारून या. मानमोडी म्हणजे राणीखेत रोग आला की खुराडं दोन-तीन दिवसांत रिकामं होतं, त्यावर पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटा लशीचा थेंब आणि दोन महिन्यांच्या झाल्या की आर टू बी ही लस. लशीची बाटली शंभरेक डोसांची येते आणि फोडली की लगेच वापरावी लागते, म्हणून वाडीतल्या सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवून घ्या.

नवीन कोंबड्या आल्या आल्या सोडू नका. 4-5 दिवस आतच, दाणा-पाणी आतच. मग संध्याकाळी तासभर सोडा, कणी टाकून आवाज द्या, अंधार पडायला लागला की एकेक करून आपोआप आत जातात. एखादी फणसावर चढून बसलीच तर अंधार झाल्यावर बॅटरी घेऊन जा, काळोखात ती पळत नाही, अलगद दोन्ही पंख धरून उतरवायची आणि बांबूवर नेऊन ठेवायची. आमची एक काळी आठ दिवस रोज फणसावर, नवव्या दिवशी स्वतःच आत.