मळणीआधी बेअरिंग बदलताय? आधी शाफ्ट तपासा

पीक कापणीला आलं की जुनं मळणी यंत्र धुळीतून बाहेर निघतं. पट्टा चढवण्याआधी मुख्य शाफ्ट हाताने फिरवून पाहा. खरखर लागली, किंवा पुली धरून वरखाली हलवल्यावर टकटक जाणवली, तर ते बेअरिंग हंगाम काढणार नाही. आत्ताच बदला. इंजिन बंद करून, मोटर असेल तर फ्यूज काढून आणि पट्टा उतरवूनच कामाला हात घाला.

नवीन आणायला जाताना जुनं सोबत न्या. रॉकेलने पुसलं की रिंगेवरचा नंबर दिसतो. ६२०५ मधल्या ०५ ला पाचाने गुणलं की आतला व्यास मिळतो, २५ मिलिमीटर. ६२०६ चा ३०. तरीही शाफ्ट व्हर्निअरने मोजाच. जुन्या यंत्रांत इंची शाफ्ट असतात, आणि एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर. मळणीत भुसा उडतो, म्हणून दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेलंच घ्या.

बेअरिंग काढायला पुलर (पकडून ओढून काढायचं अवजार) वापरा. अडकलं तर गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा.

आता खरं काम. शाफ्टवर बेअरिंग बसतं ती जागा चिंधीने पुसून नखाने चाचपा. तिथे खाच पडली असेल, किंवा नवीन बेअरिंग घट्ट बसायला हवं तिथे हाताने सहज सरकत असेल, तर शाफ्ट झिजलाय. अशा वेळी पंचाने टोचे मारून जागा फुगवायचा उद्योग सर्रास चालतो. माझ्या मते तो फुकट आहे: बेअरिंग टोच्यांच्या टोकांवरच टेकतं, टोकं दबली की पुन्हा ढिलं. शाफ्ट लेथवाल्याकडे द्या; वेल्डिंगने भरून मापात खरादून मिळतो.

बसवताना ठोका आतल्या रिंगेवरच पडला पाहिजे, त्या मापाचा पाइपचा तुकडा लावून. बाहेरच्या रिंगेवर ठोकलं की जोर गोळ्यांमधून जातो, रिंगेत खळगे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून आवाज करतं. फारच घट्ट असेल तर तेलात गरम करा, पण १२० अंशांच्या आत. सील असलेलं मात्र तेलात बुडवू नका आणि ज्योत कुठल्याच बेअरिंगला दाखवू नका.

यंत्राला वेल्डिंग करायचं असेल तर अर्थिंगचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा. करंट बेअरिंगमधून गेला तर आत ठिणग्यांचे डाग पडतात. (हे बरेच वेल्डर विसरतात.)

ग्रब स्क्रूवाला पेडस्टल (बोल्टने बसणारं बेअरिंगचं घर; आतली रिंग बिनडोक्याच्या छोट्या स्क्रूने शाफ्टला पकडते) असेल तर आधी घराचे बोल्ट आवळा, शाफ्ट मोकळा फिरतोय ना ते पाहा, मगच ग्रब स्क्रू आवळा. पट्टा अवाजवी ताणू नका. सगळा ताण बेअरिंगवरच येतो. यंत्र अर्धा तास रिकामं चालवून बंद करा. शाफ्ट थांबल्यावर बेअरिंगच्या घरावर हात ठेवा: कोमट लागलं तर ठीक, चटका बसला तर दोन्ही पुल्या एका रेघेत आहेत का ते आणि पट्ट्याचा ताण पुन्हा बघा. ग्रब स्क्रू त्याच वेळी आणखी एकदा आवळून घ्या. पहिल्या फेरीत ते हमखास सैल पडतात.