स्लोव्हेनियन फॉरवर्डची (फुटबॉलमधल्या आघाडीच्या खेळाडूची) कारकीर्द मराठीत लिहिताना

कॉलेजच्या अंकासाठी असो की दिवाळी अंकासाठी, आधी खेळाडूचं नाव नीट करून घ्या. पहिली चूक तिथेच होते, कारण नाव बहुतेक वेळा इंग्रजी बातमीतून उचललेलं असतं आणि इंग्रजी बातमीत अक्षरांवरच्या खुणा गळालेल्या असतात. मग स्लोव्हेनियाच्या शेश्को या फॉरवर्डचा 'सेस्को' होतो, इलिचिचचा 'इलिसिक'. मूळ स्लोव्हेन स्पेलिंग शोधा. एसवर छोटी टोपी असेल तर श, सीवर असेल तर च, झेडवर असेल तर झ. टोपी नसलेला सी म्हणजे त्स, आणि जे म्हणजे नेहमी य. म्हणून शेश्कोचं पहिलं नाव बेन्यामिन, गोलकीपर ओब्लाकचं यान, आणि शहर त्सेल्ये. टी-डीसाठी ट-ड नको, त-द घ्या. स्लोव्हेनमध्ये हे उच्चार दंत्य आहेत, म्हणून दोमझाले हे गाव, देदिच हे आडनाव. इथे देवनागरी रोमनपेक्षा सरस ठरते. तो फायदा का सोडायचा?

भारतात खेळलेला स्लोव्हेनियन फॉरवर्ड लुका माय्त्सेन सरावाला उत्तम. जे आणि सी दोन्ही एकाच आडनावात! शिवाय त्याचे भारतातले क्लब आपल्या वाचकाला माहीत असतात: २०२०-२१ मध्ये चर्चिल ब्रदर्स, २०२१-२२ मध्ये गोकुलम केरला, नंतर पंजाब. गोकुलम आणि पंजाबबरोबर त्याने लागोपाठ दोन आय-लीग विजेतेपदं मिळवली. पण पंजाबने २०२२-२३ ची आय-लीग जिंकली तेव्हा क्लबचं नाव राउंडग्लास पंजाब होतं. पंजाब एफसी हे नाव २०२३ मध्ये आलं. ज्या हंगामाची ओळ, त्या हंगामातलंच नाव लिहायचं. स्पर्धेचा दर्जाही असाच बदलतो. माय्त्सेन पंजाब सोडून आयएसएलमध्ये, म्हणजे आय-लीगच्या वरच्या लीगमध्ये, गेला नाही. क्लबच बढती मिळवून २०२३-२४ ला वर गेला. 'क्लब बदलला' असं लिहिलंत तर सगळी गोष्टच चुकते.

आता तक्ता. रकाने सहा पुरतात: हंगाम, क्लब, लीगचा स्तर, लीगमधले सामने व गोल, कपमधले सामने व गोल, मिनिटं. लीग आणि कप एकत्र करू नका. एका स्रोताने फक्त लीग धरलेली असते, दुसऱ्याने सगळं, आणि बेरीज जुळेनाशी होते. आकडा सापडला नाही तर रेघ मारा, शून्य नको. शून्य म्हणजे खेळला पण गोल नाही.

लोनची, म्हणजे मूळ क्लबने दुसऱ्या क्लबला उसना दिलेल्या काळाची, ओळ वेगळी आणि मूळ क्लबच्या खाली. शेश्को २०१९ मध्ये साल्झबुर्गला गेला, पण सुरुवातीचे हंगाम लोनवर लीफरिंग या क्लबकडून, म्हणजे ऑस्ट्रियाच्या दुसऱ्या स्तरावर खेळला. ते गोल साल्झबुर्गच्या खात्यात टाकले की अठराव्या वर्षाच्या आतच तो पहिल्या स्तरावर गाजत होता असा भास होतो. करार जाहीर होण्याची तारीख आणि रुजू होण्याची तारीख यांतही गल्लत नको. जर्मनीतल्या लाइपझिगचा करार २०२२ मध्ये ठरला, तो गेला २०२३ मध्ये. मधला हंगाम साल्झबुर्गचाच. २०२५ मध्ये मँचेस्टर युनायटेडला गेला, तेव्हा असा घोळ नव्हता.

पुण्यात बसून लिहिणाऱ्याला तारखेचा खास धोका. आपलं घड्याळ स्लोव्हेनियापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन तास पुढे, हिवाळ्यात साडेचार. युरो २०२४ मधला पोर्तुगालविरुद्धचा सामना तिथल्या घड्याळाप्रमाणे १ जुलैला रात्री ९ वाजता सुरू झाला. आपल्याकडे २ जुलै उजाडून अर्धा तास झाला होता. नोंदीत १ जुलैच.

देशासाठीचे आकडे क्लबपासून वेगळे ठेवा. स्लोव्हेनियाकडून खेळलेले झाहोविच ८० सामन्यांत ३५ गोल, नोवाकोविच ८० सामन्यांत ३२. सरासरी ०.४४ आणि ०.४०. पण झाहोविच प्रामुख्याने आक्रमक मिडफिल्डर होता, त्यामुळे नुसत्या सरासरीवरून थोरला-धाकटा ठरवू नका. बदली म्हणून येणाऱ्याला तर सामन्यांची सरासरी अन्यायच करते. तिथे गोल गुणिले ९० भागिले मिनिटं करा: २७ सामने, १३५० मिनिटं, ६ गोल असतील तर सामन्यामागे ०.२२ दिसतात, ९० मिनिटांमागे ०.४०.

स्लोव्हेनिया १९९१ मध्ये स्वतंत्र झाला. झाहोविचसारख्याची सुरुवात पार्तिझान बेलग्रेडमध्ये, युगोस्लाव्ह लीगमध्ये झाली. ती स्लोव्हेनियन लीग म्हणून दाखवू नका. आणि स्लोव्हाकिया हा वेगळा देश. स्लोव्हेनियाचा फॉरवर्ड श्पोरार स्लोव्हाकियातल्या स्लोव्हान ब्रातिस्लाव्हाकडून खेळला आहे. हे वाक्य मुद्रितशोधकाकडून दोनदा वाचून घ्या.

बरोबरी सुटावी म्हणून शेवटी होणाऱ्या पेनल्टी शूटआउटमधला गोल खेळाडूच्या खात्यात मांडत नाहीत. जादा वेळ धरून १२० मिनिटांच्या आतल्या पेनल्टीवरचा गोल मात्र मांडतात.