पिंग जातं, पण पान उघडत नाही?

इंदूरला रामबागेत मावशीकडे हेच होत होतं: पिंग (पलीकडून उत्तर येतं का, ते बघणारं छोटं पॅकेट) सुरळीत, बँकेचं पान मात्र अर्ध्यात अडकलेलं. युजरनेम-पासवर्डने जोडणाऱ्या ब्रॉडबँडवर, म्हणजे पीपीपीओईवर, लिनक्सची फायरवॉल असेल तर आधी नियम कुठल्या इंटरफेसवर आहेत ते बघा. 'ईथ०'वर, म्हणजे केबलच्या नेटवर्क कार्डावर, लावून उपयोग नाही; आयपी पॅकेट 'पीपीपी०'वर, म्हणजे लॉगिननंतर तयार होणाऱ्या आभासी इंटरफेसवर येतात. आयपीटेबल्सचे (लिनक्स फायरवॉलचे नियम लावणारं साधन) काउंटर, म्हणजे कुठल्या नियमाला किती पॅकेट लागली ते आकडे, समोर ठेवून साइट उघडा. ज्या ड्रॉप (पॅकेट टाकून देणाऱ्या) नियमाचा आकडा वाढतोय, तो आधी तपासा.

मग एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. पीपीपीओई ८ बाइट खातं, १५००चे १४९२ उरतात. आणि कृपा करून आयसीएमपी (नेटवर्कमधल्या अडचणींचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) सरसकट बंद करू नका! 'पॅकेट मोठं आहे, लहान पाठव' हा निरोप त्यातूनच येतो. तो अडवला की पानं अशीच लटकतात. राउटरच्या फॉरवर्ड साखळीत (पुढे पाठवायच्या पॅकेटांचे नियम) टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल मर्यादा, १४५२वर बांधून टाका.