सरासरी ताकद खरंच 30 आहे का? टी-चाचणी लावून बघा

दावा असा: काँक्रीटची सरासरी दाबताकद किमान 30 मेगापास्कल. तुम्ही नऊ क्यूब (काँक्रीटचे चाचणीचे ठोकळे) मशीनमध्ये दाबून फोडले, सरासरी आली 28.8. लगेच माल कच्चा ठरवू नका. नऊच नमुन्यांत एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो.

शून्य परिकल्पना, म्हणजे तपासायचं गृहीतक: सरासरी 30 आहे. पर्यायी: 30 पेक्षा कमी आहे. आपल्याला भीती फक्त कमी ताकदीची, म्हणून चाचणी एकबाजूची. सार्थकता पातळी, म्हणजे खरा दावा चुकून फेटाळण्याची आपण चालवून घेऊ ती शक्यता, 5 टक्के धरू. ती मी क्यूब मशीनमध्ये जाण्याआधीच नोंदवहीत लिहायला लावतो. का, ते पुढे कळेल.

नमुन्याचं प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, 1.8 आलं समजा. त्याला 9 च्या वर्गमुळाने भागा: 0.6. आता 28.8 वजा 30, भागिले 0.6, म्हणजे टी = −2.0. खरं विचलन माहीत नसताना आणि नमुने थोडे असताना सामान्य वितरणाचा तक्ता चालत नाही. गॉसेटने 1908 मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने मांडलेलं टी-वितरण घ्या. 8 डिग्रीज ऑफ फ्रीडमला (नमुन्यांची संख्या वजा एक) 5 टक्क्यांची सीमा −1.860; टी तिच्या खाली गेला की दावा फेटाळायचा. आपला टी त्याच्याही खाली, म्हणून दावा फेटाळला.

पण 1 टक्क्याला सीमा −2.896 आहे. तिथे हाच दावा टिकतो! आकडे बघून पातळी निवडली की हवं ते उत्तर काढता येतं.

दावा टिकला म्हणजे तो सिद्ध झाला असंही नाही. पुरावा अपुरा पडला, इतकंच. आणि नऊही क्यूब एकाच घाण्यातले (एका वेळी कालवलेल्या मालातले) असतील तर ही सगळी आकडेमोड त्या घाण्यापुरतीच. नमुने वेगवेगळ्या घाण्यांतून, आधी ठरवलेल्या यादृच्छिक क्रमाने घ्या.